जर्मन येत असताना लक्झेंबर्गिश वेगळी शिकावी का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, शिकून झालं आहे. सप्टेंबरपासून लक्झेंबर्गमध्ये नोकरी आहे, सोबत नवरा आणि चार वर्षांची मुलगी. तिथला रेडिओ ऐकून पाहिला तर निम्मं कळतं, निम्मं डोक्यावरून जातं. ही जर्मनचीच बोली आहे ना? मग वेगळी शिकायची कशाला? आणि शिकायचीच तर आधी फ्रेंच की ही?

मी इथे प्रौढांना लक्झेंबर्गिश शिकवते. वर्गात पुण्याहून जर्मन शिकून आलेलं कुणी ना कुणी असतंच. व्याकरण त्यांना चटकन समजतं, पण पुढे सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ऐकलेला प्रत्येक शब्द ते मनातल्या मनात कागदावरच्या जर्मनशी ताडून पाहतात. लक्झेंबर्गिश ही आधी तोंडाची आणि कानाची भाषा आहे. लिहिण्याचं बहुतेक काम या देशाने फार पूर्वीपासून फ्रेंच आणि जर्मनकडे सोपवून ठेवलंय. हे लक्षात आलं की तिच्या ज्या गोष्टी आज तुम्हाला अडगळ वाटतात, त्या का आहेत ते कळायला लागतं.

आधी बोलीचा मुद्दा. कुळ विचाराल तर ती मोझेल फ्रँकोनियन, म्हणजे मोझेल नदीच्या खोऱ्यातल्या जर्मन बोलींपैकी. जर्मनीतलं ट्रिअर आणि बिटबुर्ग, बेल्जियममधलं आर्लों, फ्रान्समधला तियोंव्हिलचा परिसर इथली जुनी माणसं याच जातीचं बोलतात. देशाचे लचके तीनदा तोडले गेले. 1659 मध्ये तियोंव्हिलकडचा भाग फ्रान्सला गेला, 1815 मध्ये पूर्वेचा प्रशियाला आणि 1839 च्या लंडन तहात पश्चिमेचा बेल्जियमला. शेवटचा तुकडा सर्वांत मोठा होता आणि तिथली बहुतेक वस्ती फ्रेंच बोलणारी होती. त्यामुळे मागे उरलेला छोटा देश जवळपास सगळा एकाच बोलीचा झाला. बिटबुर्गच्या म्हातारीचं बोलणं आणि सीमेअलीकडच्या म्हातारीचं बोलणं यांत फारसा फरक नाही. पण पलीकडच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणतील, आमची बोली, आणि इकडच्या म्हणतील, आमची भाषा. कोकणीचा वाद ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात इथले लोक स्वतःच तिला 'आपली जर्मन' म्हणत. या भाषेतलं पहिलं पुस्तक 1829 मध्ये छापलं गेलं, तो आंतोआन मेयर यांचा कवितासंग्रह. मेयर पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. 1896 मध्ये कास्पार माथियास श्पो या खासदारांनी संसदेत लक्झेंबर्गिशमधून भाषण केलं आणि ही भाषा सभागृहात चालावी अशी मागणी केली. सहकाऱ्यांनी ती फेटाळली. शाळेत ती विषय म्हणून आली 1912 मध्ये. तोपर्यंत भाषेचा अभिमान होता, पण तिच्यावर जीव ओवाळून टाकावा अशी वेळ आलेली नव्हती.

ती वेळ नाझींनी आणली. मे 1940 मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्या. गाउलायटर, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, गुस्ताव्ह सिमोनच्या हाती कारभार आला आणि ऑगस्टपासून फ्रेंचवर बंदी आली. बंदी फक्त कचेऱ्यांपुरती नव्हती. लोकांच्या तोंडातले 'बोंजूर' आणि 'मेर्सी' जावेत, फ्रेंच वळणाची नावं आणि आडनावं जर्मन व्हावीत, इथवर फतवे निघाले. मग 10 ऑक्टोबर 1941 ही शिरगणतीची तारीख ठरली. फॉर्मवर तीन कळीचे प्रश्न होते: नागरिकत्व कोणतं, मातृभाषा कोणती, वंश कोणता. लक्झेंबर्गिश ही बोली आहे, भाषा नव्हे, त्यामुळे ते उत्तर धरलं जाणार नाही, अशी सूचनाही सोबत होती. म्हणजे उत्तर 'जर्मन' येणार आणि त्याच्या जोरावर देश जर्मनीला जोडता येणार, असा बेत. भूमिगत गटांनी पत्रकं वाटली: 'ड्राइमोल लत्सेबुएयेश', तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गिशच लिहा. आधी जमा झालेले फॉर्म तपासल्यावर लोकांनी खरोखरच तसं लिहिल्याचं दिसलं आणि शिरगणती गुंडाळावी लागली. त्यानंतर इथे कुणाशीही 'ही तर जर्मनची बोली' असं सहज बोलू नका. भाषाशास्त्रात या विधानाला थोडाफार आधार सापडेलही, पण ऐकणाऱ्याच्या आजोबांनी त्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं.

कायद्याचा शिक्का बराच उशिरा बसला. 24 फेब्रुवारी 1984 च्या कायद्याने लक्झेंबर्गिश राष्ट्रभाषा झाली, कायद्यांची भाषा फ्रेंचच राहिली आणि सरकारी कारभाराला तिन्ही भाषा मान्य झाल्या. नागरिकाने यांपैकी ज्या भाषेत अर्ज केला असेल, त्याच भाषेत शक्यतोवर उत्तर द्यायचं, असंही त्यात आहे. जुलै 2023 पासून लागू झालेल्या सुधारित राज्यघटनेत तर लक्झेंबर्गिश ही देशाची भाषा असल्याचं स्पष्ट लिहिलंय. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत मात्र ती नाही. लक्झेंबर्ग संस्थापक देश असूनही नाही.

आता कामाची वाटणी कशी आहे ते पाहा, कारण रोज तुमची गाठ तिच्याशीच पडणार आहे. संसदेत वादविवाद लक्झेंबर्गिशमध्ये होतो आणि कायद्याचा मसुदा फ्रेंचमध्ये असतो. खासदार फ्रेंच कलम वाचून दाखवतो आणि त्यावर लक्झेंबर्गिशमध्ये तावातावाने भांडतो, हे इथलं रोजचं दृश्य आहे. कोर्टात साक्षीदार लक्झेंबर्गिशमध्ये बोलतो, निकाल फ्रेंचमध्ये लागतो. 1848 पासून चालू असलेलं 'लुक्सेंबुर्गर वोर्ट' हे वर्तमानपत्र मुख्यतः जर्मनमध्ये छापलं जातं, पण निधनाच्या आणि लग्नाच्या जाहिराती उघडून बघा, तिथे भाषा बहुधा लक्झेंबर्गिश. बेकरीत, हॉटेलात, दवाखान्याच्या काउंटरवर फ्रेंच, कारण फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज दोन लाखांहून जास्त माणसं कामाला येतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक फ्रान्समधली असतात. बँका आणि आयटी कंपन्यांत इंग्रजी. घरात, मैदानावर, गावच्या बँडच्या तालमीत, नगरपालिकेच्या सभेत आणि मोबाइलवरच्या मेसेजमध्ये लक्झेंबर्गिश.

तिच्यावर गदा आलीय, अशी ओरड अधूनमधून होते. 2016 मध्ये तिला कारभाराची पहिली भाषा करा अशा मागणीच्या अर्जावर चौदा हजारांहून अधिक सह्या झाल्या. देशाच्या मानाने हा आकडा प्रचंड होता आणि त्यानंतर सरकार खडबडून जागं झालं. 2018 मध्ये भाषेच्या प्रसारासाठी खास कायदा झाला, एक आयुक्त नेमला गेला आणि लक्झेंबर्गिश भाषा केंद्र उभं राहिलं. आकडे मात्र दोन्ही बाजूंनी वाचता येतात. 2011 च्या जनगणनेत सुमारे 56 टक्के लोकांनी लक्झेंबर्गिश ही आपली मुख्य भाषा सांगितली होती, 2021 मध्ये ते प्रमाण 49 टक्क्यांच्या आसपास आलं. पण त्याच दहा वर्षांत बोलणाऱ्यांची संख्या वाढली. देशात बाहेरून आलेली माणसं झपाट्याने वाढली म्हणून टक्का घसरला. माझ्या मते ही भाषा मरणपंथाला वगैरे लागलेली नाही. चॅटिंगमुळे तर ती इतिहासात कधी नव्हे इतकी लिहिली जातेय.

आता भाषेच्या अंगांकडे. जर्मन येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो 'वाट' आणि 'डाट' यांचा. पुण्याच्या जर्मन वर्गात 'वास' आणि 'डास' ऐकून पहिल्या दिवशी हसू येतं, ते इथे विसरा. 'हे काय आहे?' ला इथे म्हणतात 'वाट आस डाट?' प्रमाण जर्मनमध्ये जुन्या ट आणि प या व्यंजनांचं जे रूपांतर झालं, ते इथे अर्धवटच झालं. म्हणून सफरचंद जर्मनमध्ये 'आप्फेल', इथे 'आपेल'. पण पाण्यातल्या ट चा स मात्र झालाच आहे, 'वाटर' नाही, 'वासर'च. स्वरांत मोठा फरक आहे. जोडस्वरांची इतकी गर्दी आहे की जर्मनचा एकच स्वर इथे तीन वाटांनी जातो. या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे. दोन टिंबं दिलेला त्यांचा ए म्हणजे आपल्या 'अ' च्या अगदी जवळचा स्वर. टेबलाला 'डश' म्हणताना फ्रेंच विद्यार्थ्यांची त्रेधा उडते, आपल्याला तो न शिकवता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे न चा नियम. वर्गात मी सर्वांत जास्त वेळ यावर घालवते. शब्दाच्या शेवटचा न पुढचा शब्द कशाने सुरू होतो ते बघून टिकतो किंवा गळतो. पुढे स्वर असेल, किंवा न, ट, ड, त्स, ह यांपैकी एखादा ध्वनी असेल, तर न राहतो. एरवी जातो. 'मी ऐकलं' म्हणजे 'एश हुन हेइएरेन', न टिकला, कारण पुढे ह आहे. 'मी पाहिलं' म्हणजे 'एश हु गेझिन', पुढे ग आला, न गेला. टेबल 'डेन डश', खुर्ची 'डे श्टुल', कुत्रा 'डेन होंट', माणूस 'डे मान'. जर्मन डोक्याला वाटतं की 'डेन' आणि 'डे' हा विभक्तीचा फरक असणार. अजिबात नाही. पुल्लिंगी नामाची कर्त्याची आणि कर्माची विभक्ती इथे एकच झाली आहे, फरक फक्त पुढच्या ध्वनीचा. आणि हा न बोलण्यातच नाही, लिहिण्यातही गाळायचा असतो. लक्षात ठेवायला इथले शिक्षक 'युनायटेड झोहा' असा मंत्र देतात. रोमन लिपीत लिहिलेल्या या दोन शब्दांत न टिकवणारी सगळी अक्षरं येतात. खरं सांगायचं तर मंत्र परीक्षेपुरता उपयोगी. कान तयार झाला की चुकीचा न आपोआप टोचायला लागतो. मराठीत संधी करताना आपण कुठे सूत्रं आठवतो?

'गिन' या क्रियापदाची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्या. त्याचा अर्थ देणे. त्याचाच अर्थ होणे, बनणे. कर्मणी प्रयोगही त्यानेच होतो. 'एट गट काल' म्हणजे गारठा पडायला लागला, 'एट गट काफी' म्हणजे कॉफी आहे किंवा मिळेल, 'एट गट गेबाउट' म्हणजे बांधकाम चालू आहे. कमी होतं म्हणून की काय, 'जाणे' या दुसऱ्याच क्रियापदाचं प्रथमपुरुषी रूपही तेच. 'एश गिन' म्हणजे मी देते आणि मी जातेसुद्धा. शिवाय 'एट गट' मधला स्वर लांबवून 'एट गेट' केलं की अर्थ होतो 'ठीक चाललंय'. कागदावर वाचताना हा गोंधळ वाटतो. रस्त्यावर ऐकताना संदर्भाने सगळं लख्ख कळतं.

भूतकाळ सोपा आहे. जर्मनचा साधा भूतकाळ इथे वीस-पंचवीस नेहमीच्या क्रियापदांपुरता उरलाय, बाकी सगळीकडे 'हुन' किंवा 'झिन' हे साहाय्यक क्रियापद लावून काम भागतं. तुलनाही सोपी. जर्मनमध्ये 'ग्रोस' चं 'ग्रोसर' होतं, इथे 'ग्रोउस' ला पुढे 'मेइ' लावायचं, 'मेइ ग्रोउस', आपण 'जास्त मोठं' म्हणतो तसं. षष्ठी जवळपास संपलेली आहे. झांगची गाडी म्हणजे 'डेम झांग झाइन ऑटो', शब्दशः 'झांगला त्याची गाडी'.

आता लिंगाबद्दल, कारण इथे जर्मन शिकलेल्या बायका हमखास भडकतात. लक्झेंबर्गिशमध्ये मुलीचं किंवा बाईचं पहिलं नाव नपुंसकलिंगी असतं. अ‍ॅनाबद्दल बोलताना 'झी' (ती) म्हणत नाहीत, 'हाट' (ते) म्हणतात. अ‍ॅनाची गाडी 'डेम अ‍ॅना झाइन ऑटो', अगदी झांगच्या गाडीसारखी. पण तीच अ‍ॅना 'मादाम वेबर' म्हणून समोर आली की स्त्रीलिंगी, 'झी'. म्हणजे नपुंसकलिंगात हेटाळणी नाही, जवळीक आहे, आणि ओळख नसलेल्या बाईंना 'हाट' म्हणणं हा अगोचरपणा. जर्मनांना हे पचत नाही. गोव्याकडच्या माणसाला मी एका वाक्यात समजावते. कोकणीत तरुण मुलीबद्दल 'ती आयली' न म्हणता 'तें आयलें' म्हणतात ना, तसंच हे. मग पुढे समजावण्याची गरज उरत नाही. नावांबद्दल आणखी एक. प्रत्येकाच्या नावाआधी उपपद लागतं, नुसतं 'झांग आला' नाही, 'डे झांग' आला. गावाकडे आडनाव आधी आणि नाव नंतर घेतात.

संख्यांमध्येही मराठी माणूस फायद्यात राहतो. एकवीस, बावीस म्हणताना आपण एकक आधी म्हणतो, तेही तसंच. दोन या संख्येला तीन लिंगं आहेत: पुरुषांसाठी 'त्स्वेइन', बायकांसाठी 'त्स्वोउ', मुलांसाठी 'त्स्वे'. फ्रेंच आणि इंग्रजी विद्यार्थी कपाळाला हात लावतात. आपल्याकडे दोघे, दोघी, दोघं आहेतच. आणि आदरार्थी संबोधन तर थेट आपलं. जर्मनचं 'झी' म्हणजे मुळात 'ते लोक', इथे मात्र 'डीर' म्हणजे 'तुम्ही', अनेकवचनच आदरासाठी वापरायचं. जर्मनची सवय असल्यामुळे तुमच्या तोंडून चुकून 'झी' निघेल. समोरच्याला ते 'ती' किंवा 'ते' ऐकू येईल आणि तो मागे वळून बघेल, कोणाबद्दल चाललंय म्हणून.

शब्दसंग्रहात फ्रेंचचा भरणा मोठा आहे आणि तो मुख्यतः घरात आणि रस्त्यावर दिसतो. काटा 'फॉर्शेट', ड्रॉवर 'टिरांग', छत 'प्लाफोंग', आरामखुर्ची 'फोटेल'. आभार मानायला 'मेर्सी'च, पण जोर पहिल्या अक्षरावर. फ्रेंच माणूस शेवटावर जोर देतो. या एका गोष्टीवरून कोण कुठला ते कळतं. 'कृपया' साठीचं 'वान एश गेलिफ्ट' हे जर्मन मातीचं, पण साचा फ्रेंच वळणाचा. बटाट्याला जर्मन 'कार्टोफेल' इथे चालत नाही, 'ग्रोम्पर' म्हणायचं, आणि जत्रेत बटाट्याचे तळलेले वडे मिळतात ते 'ग्रोम्परेकिशेल्शर'. जर्मनच्या भरवशावर राहाल तर काही ठिकाणी आपटालही. 'शाफ' हा शब्द जर्मनमध्ये मेंढी आहे, इथे कपाट. 'हाउट' जर्मनमध्ये त्वचा, इथे 'आज'.

लिहिण्याकडे वळू. शुद्धलेखनाची कथा म्हणजे या भाषेच्या स्वभावाचा नमुनाच. युद्धानंतर लगेच 1946 मध्ये जर्मनपासून शक्य तितकी लांब जाणारी, उच्चाराप्रमाणे चालणारी पद्धत सरकारने जाहीर केली. लोकांना ती परकी वाटली आणि कुणी वापरलीच नाही. 1950 ते 1977 या काळात मोठा शब्दकोश खंडाखंडाने निघाला, त्याने जर्मन वळणाची पद्धत धरली होती, आणि 1975 मध्ये तीच अधिकृत झाली. 1999 आणि 2019 मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. पण शाळेत वर्षानुवर्षं शुद्धलेखन नीट शिकवलंच गेलं नाही. त्यामुळे पन्नाशीतला सुशिक्षित लक्झेंबर्गकर फ्रेंच पत्र बिनचूक लिहितो आणि मातृभाषेतला मेसेज कानाला येईल तसा लिहितो. एकाच कुटुंबाच्या ग्रुपवर एक शब्द तीन तऱ्हेने लिहिलेला दिसेल. ते बघून बावरू नका आणि त्यांच्या मेसेजवरून स्पेलिंग शिकूही नका. 'लत्सेबुएयेर ऑनलाइन दिक्सियोनेर' हा सरकारी ऑनलाइन कोश फुकट आहे. त्यात प्रत्येक शब्दाचा उच्चार ऐकता येतो आणि न गळतो की नाही तेही दिलेलं असतं.

बोलींचे भेदही आहेत. उत्तरेकडे एस्लेक भागात, पूर्वेला मोझेलकाठी, दक्षिणेला जुन्या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात उच्चार बदलतात. तुम्ही राजधानीच्या आसपासची सर्वमान्य पद्धत शिकाल, ती सगळीकडे चालते.

मुलीबद्दल. चौथ्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे आणि बालवर्गाची भाषा मुख्यतः लक्झेंबर्गिश. सहाव्या वर्षी वाचन आणि लेखन मात्र जर्मनमध्ये सुरू होतं, फ्रेंच हळूहळू आत येतं आणि माध्यमिक शाळेत बरेच विषय फ्रेंचमध्ये जातात. पोर्तुगीज आणि फ्रेंच घरांतल्या मुलांना जर्मनमधून अक्षरओळख जड जाते, म्हणून 2022 पासून काही शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळख करून द्यायचा प्रयोग सुरू झाला. तुमच्या घरात जर्मन येणारी आई आहे, त्यामुळे पारंपरिक वाट तुम्हाला सोयीची पडेल. घरी मराठीच बोला. शाळेतली भाषा मुलं मैदानावर उचलतात, त्यासाठी आईने घरात मोडकंतोडकं लक्झेंबर्गिश बोलायची गरज नाही.

नागरिकत्वाचा विचार असेल तर हे ठरवून ठेवा. 2017 च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांचं वास्तव्य लागतं आणि 'श्प्रोखेंटेस्ट' नावाची भाषेची परीक्षा. तिच्यात वाचन नाही, लेखन नाही, फक्त बोलणं आणि ऐकणं. बोलण्याची पातळी ए-टू, ऐकण्याची बी-वन. एका विषयावर गप्पा आणि एका चित्राचं वर्णन. देशाने आपल्या भाषेबद्दल काय ठरवलंय ते या परीक्षेइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही: आमच्याशी बोला, आमचं ऐका, लिहिण्याचं आम्ही बघून घेऊ. जर्मन बी-वन असलेल्या माणसाला ऐकण्याचा भाग सोपा जातो, बोलण्यात तो घसरतो, कारण तोंडातून जर्मन येतं. लक्झेंबर्ग दुहेरी नागरिकत्व मान्य करतं, भारत करत नाही. भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागेल, तो निर्णय भाषेपेक्षा मोठा आहे.

आता फ्रेंच आधी की ही? घर शोधणं, विजेचं कनेक्शन, डॉक्टर, दुकान, भाडेकरार, हे पहिल्या वर्षाचं सगळं फ्रेंचवर चालतं. दुकानापुरती फ्रेंच शिकून घ्या, पण फ्रेंच पूर्ण येईपर्यंत लक्झेंबर्गिश पुढे ढकलू नका. जर्मन ताजी आहे तोवर ही भाषा निम्म्या कष्टात येईल. नवऱ्याला जर्मन येत नसेल तर त्याच्यासाठी क्रम उलटा, आधी फ्रेंच. सरकारी नोकरी हवी असेल तर तिन्ही लागतात, तिथे पळवाट नाही.

सर्वांत मोठी अडचण व्याकरणाची नाही, लोकांच्या सौजन्याची आहे. तुमचा चेहरा आणि उच्चार पाहून समोरचा लगेच फ्रेंच किंवा इंग्रजीवर जातो. त्याला वाटतं आपण मदत करतोय. तेव्हा हसून सांगायचं, 'एश लेइएरे लत्सेबुएयेश', मी लक्झेंबर्गिश शिकते आहे. ('लेइएरेन' चा न इथे गळला, पुढे ल आहे म्हणून.) मग 'कन्ट डीर माट मीर लत्सेबुएयेश श्वॅत्सेन?', माझ्याशी लक्झेंबर्गिशमध्ये बोलाल का? बहुतेक जण खूश होऊन सावकाश बोलायला लागतात. दुकानात हे चालणार नाही, कारण काउंटरवरच्या बाईला स्वतःलाच ती येत नसण्याची शक्यता जास्त. नगरपालिकेत, मुलीच्या शाळेत, शेजाऱ्यांकडे आणि गावच्या एखाद्या क्लबात चालेल.

निघायच्या आधी 'एलएलओ' या सरकारी मोफत संकेतस्थळावरचे पहिले धडे करून या आणि आरटीएल या इथल्या रेडिओच्या बातम्या रोज थोड्या ऐका, सोबत मजकूर न वाचता. आल्यावर राष्ट्रीय भाषा संस्थेच्या वर्गात नाव घाला. जागा लवकर भरतात, तेव्हा नोंदणी सुरू व्हायची तारीख आधीच बघून ठेवा. आणि कंपनीत विचारून ठेवा: 2009 च्या कायद्याने लक्झेंबर्गिश शिकण्यासाठी एकूण 200 तासांची पगारी रजा मिळते, ती 80 ते 120 तासांच्या दोन भागांत घ्यायची. मालकाची संमती लागते, पण रजेच्या पगाराची निम्मी भरपाई सरकार त्याला देतं, त्यामुळे सहसा नकार येत नाही. त्याच मालकाकडे सहा महिने पूर्ण झालेले असावे लागतात. सप्टेंबरात रुजू होताय, म्हणजे मार्चमध्ये अर्ज करता येईल.